धुराची शिदोरी

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा पुतण्या पुण्याहून भिवंडीस आला, तो बरोबर एक लोखंडी पिंप घेऊन. मोटारीच्या टपावर बांधलेलें तें पिंप पाहून घरांतल्या मंडळींस प्रथम वाटलें कीं, आमच्या नळास पाणी कमी येतें हें ऐकून मुलानें काळजीपोटीं ही सोय केली असावी. पण पिंपाच्या तळाशीं भोकें पाडलेलीं होतीं, मध्यें सळ्यांची जाळी बसविली होती आणि झांकणांत उष्णतामापक खोवलेला होता. चौकशी करतां उलगडा झाला. चिरंजीवांस नवा छंद जडला होता : मांसास घरच्या घरीं धुरी द्यावयाची. पुण्याच्या इमारतींतील शेजाऱ्यांनीं धुराविषयीं तक्रार केल्यामुळें प्रयोगशाळा काकांच्या परसांत हलविण्यांत आली होती.

पहिल्या दिवसाचा प्रयोग फसला. परसांतल्या आंब्याची नुकतीच छाटलेली ओली फांदी निखाऱ्यावर पडतांच पांढरा, दाट, घशांत रुतणारा धूर पिंपाच्या प्रत्येक फटींतून बाहेर आला; आणि तीन तासांनंतर जी कोंबडी निघाली ती बाहेरून काजळलेली, आंतून कोरडी आणि चवीस कडूजहर होती. हा सगळा समारंभ कुंपणापलीकडून आमच्या शेजारच्या आगरी आजी पाहत होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या. मला त्या पोरवयापासून पाहत आल्या आहेत, तरी मी कॉलेजांत शिकवूं लागल्यापासून मास्तर म्हणतात. हंसूं आवरून त्या एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, यो धूर रडवतंय. धूर निजला पायजे."

धूर निजणें हा शब्दप्रयोग मला नवा होता. आजींकडूनच त्याची फोड करून घेतली. लांकूड वर्षभराचें सुकें हवें. ज्वाळा नको, निखारा हवा. आणि निखाऱ्यास मरूं न देण्याइतका वारा हवा. मग जो धूर निघतो तो इतका विरळ असतो कीं उन्हांत नीट दिसतही नाहीं. थोडा निळसर भासतो आणि डोळ्यांस झोंबत नाहीं. ओल्या लांकडाची उष्णता त्यांतलें पाणी उडविण्यांतच खर्ची पडते, ज्वलन अर्धवट राहतें आणि डांबरासारखीं कडू द्रव्यें मांसावर येऊन बसतात, हें रसायनशास्त्र पुतण्यानें मागाहून मला समजाविलें. आजींस तें शास्त्र ठाऊक नव्हतें. त्याचा परिणाम मात्र साठ वर्षें ठाऊक होता.

इतिहासाच्या अध्यापकास अशा वेळीं थोडें ओशाळल्यासारखें होतें. भिवंडीचा इतिहास म्हटला कीं, १६५७ सालापासून आरंभ करावा अशी आमची संवय. त्या सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, खाडीच्या आश्रयानें गलबतें बांधण्याचा उद्योग सुरू झाला आणि मराठ्यांच्या आरमाराचा उगम तेथून सांगण्यांत येतो. मीही वर्गांत तीस वर्षें हेंच सांगत आलों. गलबतें आम्ही मोजलीं. गलबतावरची शिदोरी मोजावी ही बुद्धि आम्हांस झाली नाहीं. घरांतल्या शिदोरीची तर गोष्टच नको. आमच्या वर्गाच्या आठवणींच्या पुस्तकांत पुरणपोळीच्या पुरणाचा पोत चार पानें व्यापतो. चुलीवर टांगलेल्या मांसाच्या पट्टीस एक ओळही मिळत नाहीं. म्हणून या छंदाचा पूर्वेतिहास आपल्या भूमींत कोठें सांपडतो तें पाहावें असें मनांत आलें.

प्रथम शब्दांकडे वळूं. खारें, सुकें, वाळवण, सुकट, सोडे हे शब्द कोंकणांतल्या प्रत्येक घरीं रुळलेले आहेत. धुरी हाही शब्द आहे, पण तो न्हाऊं घातलेल्या तान्ह्या मुलाच्या शेगडीशीं आणि डांस हांकलण्यासाठीं गोठ्यांत पेटविलेल्या पाल्याशीं जडलेला. धुरावर टिकविलेल्या मांसासाठीं मात्र आमच्याकडे रुळलेला असा वेगळा शब्द नाहीं. यावरून ती वस्तुच नव्हती असें अनुमान कोणी काढील तर तें चुकेल. ज्या घरांत धूर पहांटेपासून रात्रीपर्यंत आढ्याखालीं कोंडलेला असे, त्या घरांत धुरी देणें ही निराळी क्रिया नव्हती. वस्तु टांगली कीं धूर आपलें काम करी. माशास पाण्यासाठीं शब्द लागत नसावा, त्यांतलाच हा प्रकार.

संस्कृतांत वाळलेल्या मांसास वल्लूर असें नांव आहे, आणि अमरकोशानेंही त्याची नोंद घेतली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणांत सुके मासे व सुकें मांस हीं कंदमुळें, फळें आणि भाज्यांच्या बरोबरीनें साठ्याच्या वस्तूंत गणलेलीं आहेत, आणि तींही शाकवर्ग या सदराखालीं. मांस शाकवर्गांत पाहून आजच्या वाचकाची भिवई वर जाईल. पण राजाच्या कोठाराचा कारकून धर्मशास्त्र लिहीत नव्हता. भाताबरोबर तोंडीं लावावयाचें, तें शाक, असा त्याचा रोखठोक हिशेब दिसतो. उलट, आयुर्वेदाची वल्लूराविषयीं नाराजी आहे. चरकानें तें पचावयास जड म्हणून नित्य सेवन करूं नये असें सांगितलें आहे. वैद्यानें जें नित्य खाऊं नका म्हणून बजावलें, तें कोणी तरी नित्य खात होतें, एवढा अर्थ त्यांतून निघण्यास हरकत नाहीं.

राजाच्या ताटाचें वर्णन हवें असेल तर सोमेश्वराचा मानसोल्लास आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतल्या या राजानें सुमारें ११२९ सालीं हा ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी आमच्या खाडीवरचें कल्याण नव्हे. बीदर जिल्ह्यांतलें बसवकल्याण. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ १९२५ पासून तीन खंडांत छापून निघाला. त्यांतला अन्नभोगाचा भाग वाचतांना तोंडास पाणी सुटतें. मांसाचे तुकडे सळईस टोंचून निखाऱ्यावर भाजण्याचे प्रकार आहेत, मसाले आहेत, अख्ख्या डुकराचे केस जाळून कातडी साफ करण्याची रीति आहे. मात्र हें सगळें ताजें. ज्याच्या दारीं शिकारी रोज सावज आणून टाकतात, त्यास मांस तीन महिने टिकविण्याची चिंता कशाला? टिकविण्याची विद्या ही राजवाड्याची विद्या नव्हे. ती ज्यांच्या घरीं मांस क्वचित् येई आणि आलें तर एकदम फार येई, त्यांची विद्या होय. हें सूत्र हातीं धरलें कीं पुढची वाट सोपी होते.

आतां भिवंडीकडे येऊं. गांव कामवारी नदीच्या कांठीं, आणि ती नदी वसईच्या खाडीस मिळते. खाडीच्या दोन्ही अंगांस मिठागरें. आगर हा शब्दच आगरी समाजाच्या नांवाच्या मुळाशीं असल्याचें सांगतात. इंग्रजी अमदानींतल्या इंपीरियल गॅझेटियरांत भिवंडीच्या व्यापाराच्या वस्तु दिल्या आहेत : तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत आणि लांकूड. कापडानें पुढें सगळ्यांस गिळलें आणि भिवंडी म्हणजे यंत्रमाग असें समीकरण झालें. अलीकडे मागांच्या जोडीस गोदामें आलीं. पण त्या जुन्या यादींत मासळी आणि लांकूड शेजारीं शेजारीं आहेत, आणि मीठ तर उंबरठ्याबाहेरच होतें. मांस टिकविण्यास लागतात त्या तीन गोष्टींपैकीं दोन, मीठ आणि लांकूड, येथें मुबलक. तिसरी म्हणजे कोरडी हवा. ती मात्र या गांवाच्या नशिबीं वर्षांतले चार महिने नसतेच.

सगळें मर्म येथें आहे. देशावर मांस उन्हांत वाळतें आणि वाळलेलें राहतें. कोंकणांत सुमारें शंभर इंच पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो, आणि वैशाखांत खडखडीत वाळलेला बोंबील आषाढांत पुनः मऊ पडूं लागतो. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर तोंडांत तोंड अडकवून टांगलेले बोंबील ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ऊन काय करूं शकतें हें सांगावयास नको. पण ऊन वस्तु वाळवितें, ती वाळलेली ठेवीत नाहीं. आगोट जवळ आली कीं घरोघर बेगमी सुरू होई : सुकट, बोंबील, सोडे, खारवलेला बांगडा, मीठ, मिरची, सरपण. ही बेगमी चार महिने बुरशीपासून आणि किड्यापासून राखावयाची कोणीं? ती राखण चुलीच्या धुरानें केली.

आजींच्या माहेरच्या घराचें वर्णन मीं त्यांच्याकडून दोन संध्याकाळीं ऐकून घेतलें. चुलीच्या बरोबर वर, उभ्या माणसाच्या हातास येईल इतक्या उंचीवर, बांबूच्या कामट्यांची एक मांडणी दोरांनीं टांगलेली असे. तिच्यावर सुक्या मासळीची टोपली. त्याच्यावर, आढ्याच्या जवळ, पुढच्या सालच्या बियाण्याचीं भोपळे-काकड्यांचीं सुकीं फळें आणि भाताच्या लोंब्यांची जुडी. ज्यास धूर हवा पण उष्णता नको तें वर, आणि ज्यास दोन्ही हवीं तें खालीं, असा तो क्रम. कधीं काळीं वज्रेश्वरीच्या बाजूच्या रानांतून रानडुकराची शिकार गांवांत आली तर वांटा मिळे. तो एका दिवसांत संपण्यासारखा नसे. मग मांसाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या कापीत, मीठ आणि हळद चोळून रात्रभर टोपलींत ठेवीत, आणि दुसऱ्या दिवशीं पाणी गळून गेलें कीं सुतळींत ओंवून त्या मांडणीखालीं सोडीत. आठ-दहा दिवसांत पट्टी बाहेरून काळी आणि आंतून गडद तांबडी होई. पावसाळ्यांत भाजी नसली म्हणजे हात-दोन हात पट्टी कापून, ठेंचून, कांद्याबरोबर शिजवीत. ही शिकार आतां कायद्यानें बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिची आठवणच उरली.

यांत शास्त्रीयदृष्ट्या अनेक गोष्टी एकाच वेळीं घडत होत्या. मीठ मांसांतलें पाणी ओढून घेतें आणि उरलेल्या पाण्यांत जंतूंस जगणें कठीण करतें. चुलीची उष्णता पृष्ठभाग सतत कोरडा ठेवते. धुरांतलीं कार्बोलिक जातीचीं द्रव्यें, फॉर्माल्डिहाइड आणि सेंद्रिय आम्लें पृष्ठभागावर बसून बुरशीस अटकाव करतात आणि चरबीस खंवट होऊं देत नाहींत. पण धूर फार खोल जात नाहीं. म्हणून पट्टी बोटभरच जाड. ही बोटभर जाडी कोणीं ठरविली, तें आजींस विचारलें तेव्हां त्यांनीं माझ्याकडे असें पाहिलें, जणूं भाकरी वाटोळी कोणीं ठरविली असें मीं विचारलें होतें.

एक गोष्ट मात्र त्यांनीं आपणहून सांगितली, आणि ती माझ्या पुतण्याच्या उत्साहावर थोडें पाणी टाकणारी होती. जो धूर मांसास राखी, तोच चुलीपुढें बसणारीच्या छातींत जाई. त्यांची आई पन्नाशीच्या आंत खोकल्यानें गेली. शेवटचीं दोन वर्षें तिला डोळ्यांनीं नीट दिसतही नव्हतें. चुलीच्या धुराचा फुप्फुसांवर आणि डोळ्यांवर काय परिणाम होतो याविषयीं आज वैद्यकांत संशय उरलेला नाहीं. आजींच्या घरीं गॅस आला तेव्हां त्यांनीं ती बांबूची मांडणी स्वतःच्या हातानें उतरवून चुलींत घातली, आणि ती जळतांना आपणांस काडीचेंही वाईट वाटलें नाहीं असें त्या म्हणतात. जुन्या स्वयंपाकघराविषयीं हळवें लिहिणाऱ्या आम्हां पुरुषांनीं हें ऐकून ठेवावें. धुराचा छंद परसांत, मोकळ्या हवेंत, सुटीच्या दिवशीं करणाऱ्याचा धूर आणि त्या माउलीचा धूर एक नव्हे.

धूर हेतुतः वापरण्याची, म्हणजे चवीसाठीं आणि टिकाऊपणासाठीं जाणून बुजून करण्याची कला आपल्या किनाऱ्यावर पाहावयाची तर गोव्यास गेलें पाहिजे. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतला आणि १५३४ सालीं वसई. वसई १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं घेतली, गोवा १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्यांच्या देशांत हिंवाळ्यापूर्वीं डुक्कर मारून त्याचें मांस आंतड्यांत भरून धुरावर टांगण्याची जुनी चाल होती. ती येथें आली आणि येथल्या ऋतूंनीं तिचा पंचांगच बदलून टाकला. तेथें बेगमी हिंवाळ्याची, येथें पावसाळ्याची. गोव्याच्या चोरीसांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मीठ लावून ठेवतात. मग मिरची, लसूण, मिरीं आणि माडाचें व्हिनेगर यांचा मसाला चोळून तें आंतड्यांत भरतात, दोऱ्यानें मण्यांसारख्या गांठी मारतात, उन्हें देतात आणि चुलीच्या धुरावर टांगतात. मिरची ही स्वतःच अमेरिकेहून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली पाहुणी. पाव आणि चोरीस ही जोडी आज गोव्याच्या प्रत्येक नाक्यावर मिळते; परंतु तिच्या मुळाशीं आगोटीचीच चिंता आहे, आणि या एका बाबतींत गोव्याची ख्रिस्ती गृहिणी आणि भिवंडीची आगरी आजी एकमेकींस सहज समजून घेतील.

आंतड्यांत मांस भरण्याच्या या कलेस एक काळी बाजू आहे, आणि ती नवशिक्यानें पहिल्या दिवशींच जाणून घ्यावी. जर्मनींतल्या व्युर्टेंबर्ग प्रांतांत युस्टिनुस केर्नर नांवाचा एक वैद्य होता. तो कवि म्हणूनही प्रसिद्ध आहे. धुरावर ठेवलेलीं मांसाचीं आंतडीं खाऊन लोक लुळे पडून मरत, त्यांचीं लक्षणें त्यानें १८२० च्या सुमारास बारकाईनें टिपलीं. दृष्टि दुहेरी होते, पापण्या मिटूं लागतात, गिळतां येत नाहीं, शेवटीं श्वास थांबतो; शुद्धि मात्र अखेरपर्यंत राहते. त्यानें तें विष स्वतःवरही थोडेंसें प्रयोगून पाहिलें. पुढें १८९५ सालीं बेल्जममधील एलेझेल या खेड्यांत एका अंत्यविधीनंतर वाजंत्रीवाल्यांनीं खारविलेली डुकराची मांडी खाल्ली. पुष्कळजण आजारी पडले आणि तिघे दगावले. व्हान एर्मेंगेम यानें त्या मांसांतून रोगाचा जंतु वेगळा काढून १८९७ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. आंतड्यांत भरलेल्या मांसास लॅटिनांत बोटुलुस म्हणत, त्यावरून त्या विषबाधेस बोटुलिझम हें नांव पडलें. हा जंतु हवा नसेल तेथेंच वाढतो, म्हणून मांसाच्या पोटांत तो सुखानें राहतो. आणि त्याच्या विषास बहुधा वासही नसतो, चवही नसते.

त्यावरचा युरोपांतला उपाय आपल्या देशांतून गेला, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगितलें म्हणजे त्यांस मौज वाटते. मांस खारवितांना मिठांत थोडा सोरा घालण्याची चाल तेथें फार जुनी. सतराव्या शतकांत डच आणि इंग्रज कंपन्यांनीं पाटण्याच्या बाजूस सोऱ्यासाठीं ठाणीं घातलीं, तीं मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठीं; सोऱ्याचा तिथला दुसरा गिऱ्हाईक म्हणजे खाटीक. सोऱ्यानें मांस शिजल्यावरही गुलाबी राहतें, एवढेंच पूर्वीं ठाऊक होतें. सोऱ्याचें जंतूंच्या क्रियेनें नायट्राइट बनतें आणि तेंच रंगाचें कारण, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलें. त्या रंगाचें रासायनिक कोडें हॉल्डेन यानें १९०१ सालीं सोडविलें. बोटुलिझमच्या जंतूस रोखणारें तेंच, हें ज्ञान आणखी मागाहूनचें. एकाच पिशवींतल्या पांढऱ्या भुकटीनें माणसें मारलीं आणि माणसांचें अन्न राखलें. इतिहासाचा अध्यापक अशा योगायोगांवर जगतो.

मिठाचीही कथा अशीच, पण ती वाचकांस परिचित असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. मिठावरचा कर हा गरिबाच्या भातावरचा कर होता, असें आपण १९३० च्या सत्याग्रहासंबंधीं शिकलों. तो सुक्या मासळीवरचाही कर होता हें सहसा सांगितलें जात नाहीं. मीठ महागलें कीं कोळी मासळीस कमी मीठ लावणार, आणि कमी मिठाची मासळी सडणार. मद्रास इलाख्यांत सरकारास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मासळी खारविण्यासाठीं करमुक्त मिठाचीं आवारें उघडावीं लागलीं, तीं याच कारणानें. शिरोड्यास आणि वडाळ्यास १९३० सालीं लोकांनीं मूठभर मीठ उचललें, त्या मुठींत आगोटीची बेगमीही होती.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतों. माझ्या लहानपणीं आमच्या घरापासून दोन गल्ल्यांपलीकडे विणकरांची वस्ती होती. बकरी ईदनंतर तिथल्या गच्च्यांवर दोऱ्या ताणलेल्या असत आणि त्यांवर हळद-मीठ लावलेल्या मांसाच्या पट्ट्या वाळत असत. वांटून उरलेलें मांस पुढें महिनाभर पुरवावयाचें. आम्हांस त्या बाजूनें जाण्याची मनाई होती. आम्ही अर्थातच त्याच बाजूनें जात असूं. त्याच घरांतून कोळशाच्या धुरीची युक्ति मला प्रथम कळली. शिजलेल्या खिम्यांत मधोमध एक वाटी ठेवावयाची, तिच्यांत धगधगता कोळसा, कोळशावर चमचाभर तूप, आणि लगेच झांकण. दहा मिनिटांत सगळ्या भांड्यास धुराचा वास लागतो. यांत टिकविण्याचा हेतु नाहीं, केवळ स्वाद. ज्या घरीं दोरीवरच्या पट्ट्या वाळत, त्याच घरीं ही चैनही होती.

मराठवाड्यांत आणि देशावर अशाच पट्ट्यांस चान्या म्हणतात. मेलेल्या जनावराचें मांस गांवकीच्या रीतीनें ज्यांच्या वांट्यास येई, त्या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या घरीं तें एकदम फार येई आणि पुनः केव्हां येईल याचा नेम नसे. म्हणून त्याच्या पट्ट्या कापून, मीठ लावून, वाळवून, मडक्यांत भरून ठेवीत. कोरडी हवा असल्यामुळें तिकडे उन्हावर भागे. शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकांत या स्वयंपाकाची कोणताही आडपडदा न ठेवतां नोंद केली आहे. त्याचें इंग्रजी रूपांतर २०२४ सालीं आलें. पुस्तकाच्या नांवांतच जो टोला आहे तो आम्हां 'अन्न हें पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांस बसतो, आणि बसावाच. बाबासाहेब आंबेडकरांनीं मार्च १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत मृत जनावरांचें मांस सोडण्याचा उपदेश केला, आणि अनेक घरांनीं तें सोडलें. तें सोडणें हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. कित्येक घरांत चान्यांचें मडकें फोडण्यांत आलें तें उपासाची तयारी ठेवूनच. त्यानंतर २०१५ सालींच राज्यांत बैलांच्या कत्तलीस बंदी करणारा कायदा अंमलांत आला. गाईंस ती १९७६ च्या कायद्यानें पूर्वीपासून होती.

पुतण्याच्या पिंपांत टांगलेली पट्टी आणि मडक्यांतली चानी यांच्यांत रसायनशास्त्रास फारसा भेद दिसणार नाहीं. इतिहासास दिसतो. एकीच्या मागें निवड आहे, दुसरीच्या मागें गांवकीनें लादलेला वांटा. हें सर्व मीं त्यास एका रात्रीं जेवणानंतर सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, थोडा वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "काका, मग मीं हें करूंच नये का?" मला तसें म्हणावयाचें नव्हतें. विद्या कोणाची होती हें ठाऊक ठेवून ती शिकण्यांत दोष नाहीं. उलट न शिकली तर आजींबरोबर ती जाईल. मात्र पाककृतीखालीं आपलें नांव घालतांना हात थोडा अडखळावा, इतकी अपेक्षा मीं बोलून दाखविली.

दुसरा प्रयोग आम्ही आजींच्या देखरेखीखालीं केला. गोदामांच्या बाजूस खोक्यांचें लांकूड फुकट मिळतें म्हणून पुतण्या तें आणण्याच्या बेतांत होता. तें मीं हाणून पाडलें. त्या लांकडास कीड लागूं नये म्हणून कधीं काय फांसलेलें असतें, आणि प्लायवूडमध्यें तर डिंकाचीं रसायनेंच असतात. आंब्याचीं आणि पेरूचीं वर्षापूर्वीं तोडलेलीं ढलपीं आजींच्या पडवींतून मिळालीं. किलोभर कोंबडीच्या तंगड्यांस पंचवीस ग्रॅम मीठ आणि थोडी हळद चोळून रात्रभर थंड कपाटांत ठेवल्या. सकाळीं पुसून, त्याच कपाटांत चार तास उघड्या ठेवून वरची कातडी कोरडी होऊं दिली. ओल्या कातडीवर धूर नीट बसत नाहीं, आम्लाचे थेंब होऊन ओघळतो. पिंपाच्या एका बाजूस निखारे, दुसऱ्या बाजूस मांस. आंतली उष्णता एकशेंदहा ते एकशेंवीस अंशांच्या दरम्यान. तीन तासांनीं हाडाजवळ सुई खुपसून पाहिली तेव्हां पंचाहत्तर अंश भरले. त्याच्या खालीं कोंबडी उतरवूं नये.

पुतण्याच्या मनांत याहून मोठा बेत होता. युरोपांत तीस अंशांच्या आंत राहणाऱ्या थंड धुरावर डुकराची अख्खी मांडी आठवडे-आठवडे टांगतात. तशी एक त्यास करावयाची होती. मीं एलेझेलच्या वाजंत्रीवाल्यांची गोष्ट पुनः सांगितली. भिवंडींत बहुतेक वर्षभर दुपारची हवाच तीस अंशांच्या वर असते, तेथें थंड धूर आणावा कोठून? जंतूंस हवी तशी ऊब आणि ओल मात्र भरपूर. त्या विद्येस थंड डोंगर किंवा विजेचें कपाट पाहिजे. शिवाय मोजून घातलेलें नायट्राइट पाहिजे, आणि तें मोजण्यांत चूक झाली तर तेंच विष. आपल्या हवेंत नवशिक्यानें उष्ण धुरावर शिजवावें, त्याच दिवशीं खावें, उरलें तर थंड कपाटांत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावें. रोजही खाऊं नये. धुरावरच्या आणि खारविलेल्या मांसास कर्करोगाच्या कारणांत जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनें २०१५ सालीं निःसंदिग्धपणें गणलें आहे. चरकाचा सल्ला नऊशें नव्हे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा, आणि तो अजून बदलण्याचें कारण पडलेलें नाहीं.

या खेपेस तंगडी बाहेरून जांभळट तांबूस निघाली आणि आंतून रसाळ. घरांतल्या मंडळींनीं, ज्यांनीं पहिल्या दिवशीं नाकास पदर लावला होता, दोनदां मागून घेतली. आजींस एक तुकडा कुंपणावरून दिला. त्यांनीं तो दांत नसलेल्या हिरड्यांनीं बराच वेळ चघळला आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय. आगोटीला नाय टिकायचा." टिकविण्यासाठीं तो केलाच नाहीं हें त्यांस समजावून सांगणें जड गेलें. टिकवावयाचें नाहीं तर धूर कशाला, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या बाजूनें तो अगदीं बरोबर होता.

संध्याकाळीं निखारे विझावयास आले असतांना त्या पुनः कुंपणाशीं आल्या. पदरांत ओंजळभर सुके बोंबील होते. दसऱ्यानंतरही ओल धरून राहिलेले, थोडे मऊ पडलेले. पुतण्यानें ते जाळीवर एका ओळींत मांडले. आजींनीं दोन सुकीं ढलपीं निखाऱ्यावर ठेवावयास सांगितलीं, ज्वाळा उठतांच झांकण लावून घेतलें, आणि एक ओलें गोणपाट मागून घेऊन त्यानें झांकणाच्या फटी एकामागून एक बुजविल्या. एक तेवढी उघडी ठेवली.